साहेब बाहेरचं खात नाहीत

६ जानेवारी, संध्याकाळ

आज डोकं फिरलं. बावीस वर्षं नववीला विज्ञान शिकवतो आहे. आज मुख्याध्यापिकाबाईंनी केबिनमध्ये बोलावलं, आधी चहा पाजला (तेव्हाच संशय यायला हवा होता) आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी नववी नव्या सरांना देऊ या म्हणते. मला पाचवी आणि लायब्ररी. माझं शिकवणं चांगलंच आहे म्हणे, पण हल्लीच्या मुलांना काहीतरी डोळ्यांनी बघायला लागतं.

नवे सर म्हणजे तो प्रोजेक्टर. सगळं पडद्यावर दाखवतो म्हणून मी ठेवलेलं नाव. लाइट गेले की याचं ज्ञान बंद.

आणि पुढच्या वर्षी माझी लेक नववीत जाते आहे. ऊर्जाप्रवाहाचा धडा, झाडाची ऊर्जा किड्यात, किड्याची माशात, माझा हक्काचा धडा, तिला प्रोजेक्टर शिकवणार? मी त्याच शाळेत, खालच्या मजल्यावर पुस्तकांना कव्हरं घालत बसलेलो असताना?

बाईंना तिथल्या तिथे सांगून टाकलं. डोळ्यांनीच बघायचंय ना, मग दाखवतो. घरी एक सीलबंद काचेची टाकी. आत पाणवनस्पती, किडे, मासे. बाहेरून अन्नाचा कण नाही. फक्त ऊन. पुढच्या महिन्यात विज्ञान मेळाव्यात सगळ्यांसमोर आणतो. सगळ्यात मोठा मासा जिवंत असला तर नववी माझी.

बाई म्हणाल्या, बरं, तसं तर तसं. मी ताडकन उठून आलो. छत्री तिथेच राहिली.

संकल्प: १. टाकी. २. उद्यापासून पहाटे पाचला फिरायला. पोट उतरवणे. दोन्हीकडे प्रश्न ऊर्जेचाच आहे.

७ जानेवारी

साडेसातला उठलो. टाकीच्या विचारात झोप लागली नव्हती, त्यामुळे हे धरायचं नाही.

८ जानेवारी, रविवार

टाकी तयार. हॉलच्या खिडकीत. दोन फूट लांब. तळाशी वाळू. पाणवनस्पती भरपूर. त्या खाणारे पाण्यातले बारीक किडे, अंदाजे दोनशे (मोजताना हलतात). किडे खाणारे छोटे मासे, बारा. छोटे मासे खाणारा मोठा मासा, एक. त्याचं नाव साहेब ठेवलं. चेहरा आमच्या जुन्या शिक्षणाधिकाऱ्यांसारखा आहे.

झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी. मधे एक भोक, त्यात बूच, बुचात थर्मामीटर. बुचावर कागदाची पट्टी आणि पट्टीवर माझी सही. आता आत मुंगीसुद्धा शिरणार नाही. तापमान रोज लेक लिहिणार. तिला त्यासाठी स्वतंत्र वही दिली.

सुरुवातीलाच अपशकुन. लेक पेन्सिल कानामागे खोचून आली आणि म्हणाली, बाबा, मी आकडे मांडले, साहेबांना पुरणार नाही. दर पायरीला ऊर्जेचे दहा टक्केच वर पोचतात ना? मी म्हटलं, दहा टक्के ही सरासरी. आपल्या टाकीत बारा-तेरा धर. शिवाय माशांची घाण झाडांना खत, झाडं किड्यांना, किडे माशांना, असं चाक फिरत राहतं. त्यावर म्हणते, खत फिरतं बाबा, ऊर्जा कुठे फिरते, ती तर उष्णता होऊन निघून जाते.

मी म्हटलं, आकडे परीक्षेत मांडायचे असतात. वही उचलून गेली.

खरं म्हणजे हा दहा टक्क्यांचा नियम तिला मीच शिकवला, ती पाचवीत असताना. ब्रेडच्या दहा स्लाइस घेतल्या. नऊ मी खाल्ल्या, एक तिला दिली. म्हटलं, बघ, नऊ माझ्या जगण्यात संपल्या, पुढच्याला एकच पोचली. रडली होती. पण विसरली नाही. याला म्हणतात शिकवणं. पडदा लागत नाही.

ही हे ऐकून स्वयंपाकघरातून म्हणाली की आपल्या घरात सगळ्यात वरच्या पायरीवर कोण बसलंय ते तिला लग्नानंतर आठवडाभरात कळलं होतं. विज्ञानाशी संबंध नसलेली विधानं मी लिहून ठेवत नाही.

११ जानेवारी

किडे दिसत नाहीत. एकही. तिसऱ्याच दिवशी.

समतोल हा सूक्ष्म असतो. दिसलाच पाहिजे असं नाही.

पहाटेचा गजर लावला होता. हिने बंद केला. म्हणते तूच केलास.

१५ जानेवारी, रविवार

छोटे मासे सात उरले. बाकीचे पाच वनस्पतींच्या मागे असणार. टॉर्च मारून पाहिलं. वनस्पतींच्या मागे भिंत आहे.

साहेब तळाशी बसून आहेत. रंग उतरलाय. माझ्याकडे बघतात आणि ती नजर मला आवडत नाही. हे मेले तर मी शाळेत कोणत्या तोंडाने जाणार? प्रोजेक्टर काही बोलणार नाही, तो सभ्य आहे, आणि तेच असह्य आहे. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर बोलून गेलो की नववी गेली तर माझ्यात उरतं काय. मग ताट तसंच सरकवून उठलो.

मी उठल्यावर हिने आणि सासूबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. (सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आमच्याकडेच आहेत.) लेकही जेवली नाही. या घरात सगळ्यांना नाटकं लागतात.

१८ जानेवारी, सकाळ ८

चमत्कार! साहेब ठणठणीत. रंग परत आला, शेपटी सपासप. मी काहीही केलेलं नाही. म्हणजे निसर्गाने केलं. संयम हा शास्त्रज्ञाचा पहिला गुण, आणि तो माझ्यात मुळातच आहे.

सासूबाईंनी आपली खुर्ची टाकीशेजारी ओढून घेतली. गुडघ्याला ऊन लागतं म्हणे. लागू दे. त्यांची एक सवय मात्र डोक्यात जाते. चहा ढवळून झाला की चमचा कपावर तीनदा वाजवतात. टण टण टण. साहेब बिचारे दचकून पार वर येतात.

२२ जानेवारी, रविवार

काचेला पट्टी लावून साहेबांची लांबी मोजली. नऊ सेंटिमीटरचे साडेनऊ! सीलबंद टाकीत! मी मोठ्याने ओरडलो तेव्हा लेकीच्या हातून वही पडली. आनंदानेच.

सील तपासलं. शाबूत. बुचावरची पट्टी तर अगदी कोरी करकरीत. आजवर कधी लक्ष दिलं नव्हतं, पण माझी सही खरोखर देखणी आहे. शेवटचा फराटा मी इतका वळणदार काढतो हे मलाच ठाऊक नव्हतं.

२६ जानेवारी

अखेर फिरायला गेलो. पाचला नाही, पावणेआठला, आणि कोपऱ्यापर्यंत. परत येताना उजवा गुडघा धरला. हे व्यायामाचे दुष्परिणाम कोणी सांगत नाही.

चहाच्या डब्यामागे एक बाटली सापडली. बारीक तपकिरी गोळ्या. हिला विचारलं तर आधी लालबुंद झाली, मग म्हणाली आईच्या गुडघ्याचं औषध आहे. मग माझ्यापासून लपवून का ठेवता? मलाही गुडघा आहे. दोन गोळ्या घेतल्या. चव उग्र, वास थोडा मासळीचा. जुन्या पद्धतीचं औषध असणार. ही तोंडाला पदर लावून बाल्कनीत गेली. आईच्या औषधातल्या दोन गोळ्यांसाठी इतकं वाईट वाटून घ्यायचं?

२ फेब्रुवारी

गुडघ्याला उतार आहे. रोज सकाळी दोन.

संध्याकाळी प्रोजेक्टर घरी. बाईंनी पाहणीला पाठवलं म्हणे. टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, छोटे मासे कुठे आहेत सर? मी म्हटलं, लपलेत. विचारलं, सगळे? मी म्हटलं, भक्षकासमोर लपणं ही निसर्गाने दिलेली कला आहे, तुमच्या पडद्यावर ती दिसणार नाही. मग म्हणतो, साहेब सध्या कशावर आहेत? मी म्हटलं, बाहेरचं खात नाहीत एवढं नक्की.

त्याने लेकीकडे पाहिलं. लेकीने फरशीकडे पाहिलं. चार बिस्किटं खाऊन, माझी शाळेत राहिलेली छत्री परत देऊन गेला. याच्या चांगुलपणाचा मला मनस्वी राग येतो.

९ फेब्रुवारी

साहेब साडेदहा सेंटिमीटर. पाणी हिरवट, गढूळ. म्हणजे उत्पादकांची, अर्थात वनस्पतींची, भरभराट.

लेख लिहायला घेतलाय: 'दहा टक्क्यांच्या नियमास एक अपवाद'. सकाळभर बसून पहिलं वाक्य झालं. ते छान आहे.

हिने विचारलं, की आत खायला काही उरलेलं नाही आणि मासा फुगतोय, तर ही ऊर्जा येते कुठून? मी म्हटलं, सूर्यापासून. म्हणाली, या खिडकीत सूर्य दीड तास असतो. मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मी आणखी काही विचारीन म्हणून. मी विचारलं नाही. ही पोस्टात आहे. तिथे आलेलं पत्र अख्खंच्या अख्खं पुढे जातं. तिला दहा टक्के कसे कळणार?

१४ फेब्रुवारी

तीन दिवस हाल. सासूबाई आपल्या मुलाकडे गेलेल्या, लेक शाळेच्या शिबिराला, ही ऑफिसातून उशिरा. घरात मी आणि साहेब. आणि नेमके याच वेळी साहेब बिनसले. बुचाखाली तोंड लावून तासन् तास उभे. काल काचेवर डोकं आपटलं. आज एका वनस्पतीचा लचका तोडला आणि थुंकून टाकला.

मी टाकी एक वीत डावीकडे सरकवली. उन्हाचा कोन बदलला. पाठ धरली.

१५ फेब्रुवारी

सासूबाई आणि लेक परतल्या. साहेब दुपारपर्यंत पूर्ववत. कोन बदलल्याचा परिणाम व्हायला चोवीस तास लागतात, अशी नोंद लेखात करणार.

लेक संध्याकाळी जवळ येऊन बसली. म्हणाली, बाबा, मेळाव्यात टाकी नको नेऊ या. घरीच ठेवू. मी म्हटलं, घाबरतेस काय, बाबा आहे ना. ती म्हणाली, म्हणूनच.

पुढच्या वर्षी वर्गात तिला पहिल्या बाकावर बसवायचं की दुसऱ्या, हे ठरत नाहीये. पहिल्यावर बसवलं तर लोक म्हणतील, स्वतःची मुलगी.

२१ फेब्रुवारी

उद्या मेळावा. भाषण पाठ. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची हातगाडी ठरवली. तो म्हणाला, पाणी काढा, वजन फार आहे. मी म्हटलं, सील तुटणार नाही. म्हणाला, मग माझी पाठ तुटेल. यांना विज्ञानाची चाड नाही.

२२ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

टाकी शाळेत पोचली. हॉलमध्ये मधोमध टेबलावर. मागे माझ्या अक्षरात तक्ता: 'बाहेरून काहीही नाही'. पालक, मुलं, शिक्षक, हॉल भरलेला. सासूबाईंना पहिल्या रांगेत खुर्ची. मी वीस मिनिटं बोललो. सूर्य, वनस्पती, किडे, छोटे मासे आणि या सगळ्यांची ऊर्जा पोटात घेऊन पोहणारे साहेब. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकाबाई चहाचा कप घेऊन पुढे आल्या. माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा. गलका फार होता, म्हणून सगळ्यांना गप्प करायला त्यांनी चमचा कपावर वाजवला. तीनदा.

साहेब तळातून थेट वर आले. बुचाखाली थांबले. तोंड उघडून.

मागून एक पोरगं ओरडलं, त्याला भूक लागलीय! मी समजावलं की ही ध्वनिकंपनांना दिलेली नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. साहेब निराश होऊन खाली गेले. बाईंनी पुन्हा तीनदा वाजवलं. साहेब पुन्हा वर.

आणि सासूबाईंचा हात सवयीने पिशवीत गेला. ती गोळ्यांची बाटली बाहेर आली. झाकणही उघडून झालं, मग त्यांना आपण कुठे बसलोय ते उमगलं. प्रोजेक्टरने हळूच विचारलं, आजी, हे काय आहे? त्या माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांचा चेहरा बघून मीच पुढे झालो आणि हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं की हे गुडघ्याचं औषध आहे. मी स्वतः चार आठवडे रोज दोन गोळ्या घेतोय. उत्तम गुण आहे.

प्रोजेक्टरने एक गोळी तळहातावर घेतली. वास घेतला. त्याच्या घरी मासे आहेत हे मला माहीत नव्हतं. त्याने गोळी परत बाटलीत टाकली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

साहेब अजून तोंड उघडून. शेवटी लेक उठली. एका हाताने सहीची पट्टी उचलली, दुसऱ्याने बूच फिरवून काढलं, दोन गोळ्या आत, बूच बंद, पट्टी परत. सगळं मिळून तीन सेकंद. महिनाभराच्या सरावाशिवाय असं जमत नाही. साहेबांनी गोळ्या गिळल्या.

मग हॉल हसला. पालक हसले, मुलं हसली, शिपाई भिंतीला टेकून हसला. मला हसू आलं नाही. माझ्या तोंडात सकाळच्या दोन गोळ्यांची चव होती.

२३ फेब्रुवारी

बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. लेकीलाही. चहा नव्हता.

लेकीने वही पुढे ठेवली. तापमानाची पानं संपल्यावर उलट्या बाजूने दुसरा हिशेब होता. पहिलं पान आठ जानेवारीचं. साहेबांना जगायला दिवसाला दहा एकक ऊर्जा. म्हणजे छोट्या माशांत शंभर हवी. किड्यांत हजार. वनस्पतींत दहा हजार. आपल्या खिडकीतल्या वनस्पती दिवसाला साधारण दोनशे तयार करत असतील. म्हणजे अशा पन्नास टाक्या हव्यात. खाली कंसात: हॉलमध्ये सहा मावतात. त्याच्याखाली तिने लहान अक्षरांत उत्तर दोनदा तपासल्याची खूण केली होती.

पुढच्या पानांवर रोजच्या गोळ्या. तिच्या अक्षरात: सकाळी आजी, संध्याकाळी मी. पहिली नोंद सोळा जानेवारीची.

बाईंनी विचारलं, तुला पहिल्या दिवशी माहीत होतं, मग हे कशाला केलंस? लेक म्हणाली, पंधरा तारखेला बाबा जेवले नव्हते.

मला खिडकीबाहेर बघावं लागलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकली होत्या.

मग बाईंनी विचारलं की आठवीत असून हे गणित कोणी शिकवलं. मला वाटलं, म्हणेल नव्या सरांनी. ती म्हणाली, बाबांनी. आणि ब्रेडच्या स्लाइसची सगळी गोष्ट सांगितली, ती रडली होती तेवढं सोडून.

मी बाईंना सांगणार होतो की अभ्यासक्रमातच काही दोष आहेत, टाकीची काच सदोष होती, भाजीवाल्याने गाडी हलवली. तोंड उघडलं आणि मिटलं. एवढी साधी बेरीज माझ्या पोरीला पहिल्या दिवशी दिसली, आणि मी बावीस वर्षं ती फळ्यावर लिहून मुलांचे मार्क कापत आलो. लाज वाटली. प्रोजेक्टरसमोर नाही, तिच्यासमोर.

निर्णय: नववी नव्या सरांकडे. मला पाचवी आणि लायब्ररी. निघताना बाई म्हणाल्या, पाचवीला तो ब्रेडचा प्रयोग जरूर घ्या. फक्त या वेळी नऊ स्लाइस मुलांना खाऊ द्या.

२६ फेब्रुवारी, रविवार सकाळ

टाकीच्या चिकटपट्ट्या काढल्या. सहीची पट्टी लेकीने वहीत चिकटवून ठेवली. नीट पाहिलं, फराटा माझा नाहीच.

चहा झाल्यावर सासूबाईंनी चमचा माझ्या हातात दिला. मी तो कपावर तीनदा वाजवला. साहेब आले.

पाच गोळ्या त्यांना. मला शून्य.

गुडघा कालपासून पुन्हा दुखायला लागलाय.